शेवटून पहिला

इटेनला पहाट होते ती पावलांनी.
कोंबडा नंतर आरवतो.
अंधारात आधी जॅकेटांची सळसळ,
मग एका लयीत साठ-सत्तर पाय,
आणि सगळ्यात मागे,
जरा अडखळत्या तालात,
किबिवॉट पेंटर.

वय एकेचाळीस. पोट थोडं सुटलेलं.
बूट पुतण्याचे, एक नंबर मोठे,
पुढे कापूस कोंबलेला.
का पळतोस, असं त्याला कुणी विचारत नाही.
या गावात तो प्रश्न
माशाला पाण्याबद्दल विचारल्यासारखा होईल.

तीन दिवस झाले,
जेरोटिचबाईंची मटाटू अंगणात उभी आहे,
चौदा सिटांची, कोरी पांढरी पाठ घेऊन.
बाजूंवर सिंह झाला, ढग झाले,
दारावर बाईंच्या मुलीचं नाव झालं.
पाठ राहिली.
तिच्यासमोर तो रंगाचा डबा उपडा घालून बसला,
तीन कप चहा थंड केला,
ब्रश कानामागे ठेवून
घरभर शोधला.
पत्रा काही बोलेना.
"जिंकलेल्यांचे चेहरे काढ," बाई म्हणाल्या,
"सगळेच काढतात."
सगळेच काढतात, तिथंच तर गोम.

पहिला किलोमीटर म्हणजे नुसता राग.
गुडघा म्हणतो, घरी चल.
डोक्यात उधारी, टर्पेंटाइनचा भाव,
मेव्हण्याशी अर्धवट राहिलेलं भांडण.
दुसऱ्या किलोमीटरला ते भांडण तो जिंकतो.
तिसऱ्याला मेव्हण्याचा चेहराच आठवेना.
मग चढ. हवा विरळ.
विचार करण्यापुरता श्वास उरत नाही,
आणि त्या रिकाम्या जागेत
कुणी न बोलावता
एकेक रंग येऊन बसायला लागतो:
मक्याच्या पानावरचा निळा,
जो खरं तर हिरवा असायला हवा होता;
दरीच्या काठावरचा तो पिवळा,
ज्याला डब्यावर नावच नसतं.

लाल माती उडते.
धुरळ्यापलीकडे पुढच्यांच्या बुटांचे तळवे
वर येतात, वळतात, मिटतात;
जणू कुणी दार उघडून "ये" म्हणतंय
आणि पोहोचायच्या आत लावून घेतंय.
अठरा वर्षं तो हेच बघतोय.
जिंकणाऱ्याला हे कधी दिसत नाही.

तेवढ्यात सायकलला दुधाचे कॅन बांधलेला पोरगा:
"चामगेई! आमच्या दुकानाची पाटी कधी?"
"शनिवारी," किबिवॉट धापेत बोलतो,
आणि तेवढ्या एका शब्दानं
चित्राची वरची बाजू सांडून जाते.
आकाश गेलं. डोंगर गेले.
स्वाहिलीत एक झकास ओळ सुचली होती,
तीही गेली.
खिशात कागद नाही, पेन्सिल नाही.
उरलेलं तो पायांत धरून घरी आणतो,
ओंजळीत पाणी आणावं तसं,
कुणाशी न बोलता,
बायकोशीसुद्धा.

संध्याकाळी मटाटूच्या पाठीवर
सहा जोड बूट, मागून.
झिजलेल्या टाचा, एक सुटलेली नाडी, लाल धूळ.
बाकी काही नाही.

बाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.
"चेहरे कुठेत?"
"ते पुढे गेले."
बाई हसल्या,
आणि दोनशे शिलिंग कापले.

आठ दिवसांनी त्याच चढावर
मागून हॉर्न येतो,
किबिवॉट बाजूला सरतो,
मटाटू त्याला धूळ चारून पुढे निघते.
आता त्याच्या पुढे त्याचीच सहा माणसं,
आणि तो सातवा.
डोळे बारीक करून तो बघतो.
तिसऱ्या डाव्या टाचेवर
ऊन भलत्याच बाजूनं पडलंय.
वळण जवळ येतंय.
तो पाय उचलतो,
आणि पळता पळताच
हात कानामागे नेतो.