वेगळा अर्ज

पिओरियात बर्फ अजून हटलं नव्हतं.
लाँड्रोमॅटच्या वरच्या मजल्यावर
वकीलबाई ब्रेंडा नोवाक
माझी फाइल उघडून बसल्या,
खाली यंत्रं कुणाकुणाचे कपडे घुसळत होती.

शपथ एकवीस दिवसांवर.
शंभर प्रश्न तोंडपाठ,
रात्रपाळीत बेअरिंगं तपासता तपासता घोकलेले:
सिनेटर किती, न्यायाधीश किती,
झेंड्यावर पट्टे तेराच का.
आता मिरजेहून हेमांगीला यायला
रांग उरणार नव्हती.
रहिवाशाची बायको थांबते,
नागरिकाची थांबत नाही,
निदान तितकी तरी नाही.
हे मी तिला फोनवर तीनदा सांगितलं होतं
आणि तिनं शिलाई मशीन विकायला काढलं होतं.

आणि मुलगी? मी सहज विचारलं,
ठाऊक असलेलंच पुन्हा ऐकावं म्हणून.

बाईंनी चष्मा काढला.
म्हणाल्या, तुम्ही नागरिक नाही तोवर
ती आईच्या अर्जातच येते,
आईच्या नावाखाली, एका ओळीत.
तुम्ही शपथ घेतलीत
की आईचा अर्ज वरच्या खणात जातो.
त्या खणात मुलांसाठी ओळच नाही.

ओळच नाही.
खाली एक यंत्र गचके देत थांबलं.

मग तिच्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळे पुरावे.
होतं सगळं, त्या म्हणाल्या,
फक्त कुणी सांगत नाही,
माणसं शपथ घेऊन मोकळी होतात
आणि वकिलातीतून एकच व्हिसा हातात येतो.

घरी आलो, कुकर लावला, अर्ज छापला.
नाव: शरयू. जन्म: मिरज. वय: अकरा.
नातं?
चौकटी चार.
तिसरीपुढे लिहिलं होतं: स्टेप.

सावत्र.
अडीच वर्षांत आमच्याकडे
हा शब्द कुणी काढला नाही.
हेमांगीनं नाही. तिच्या आधीच्या सासूबाईंनीही नाही,
ज्या आमच्या लग्नाला आल्या
आणि माझ्या हातावर नारळ ठेवून म्हणाल्या,
पोर जिभेची तिखट आहे, सांभाळा.

शरयू मला अहो म्हणते. आईचं ऐकून.
बाबा नाही, काका नाही, अहो.
अहो, तिकडे नदी गोठते का?
अहो, मग मासे काय करतात?
या हाकेला
अर्जात चौकट नव्हती.

रात्री आठला, तिकडे तिची शाळेची घाई,
व्हिडिओवर तिनं कागद बघितला,
जवळ धरा म्हणाली, अजून जवळ.
स्टेप म्हणजे पायरी, आम्हाला आहे पाठात.
म्हणजे मी पायरीवरची?
मागे वेणीचा पेड घालणारे हात थांबले.
वरच्या का खालच्या, अहो?

मला सुचेना.
बस आली, आणि ती गेली.

काळ्याच शाईनं भरावा, अशी सूचना.
घरात सगळी पेनं निळी.
साडेअकराला पेट्रोलपंपावरच्या दुकानातून
एक काळं घेतलं
आणि गाडीतच, हीटर लावून,
गुडघ्यावर कागद ठेवून
तिसऱ्या चौकटीत खूण केली.
बोटं गारठलेली. खूण थोडी बाहेर गेली.
जाऊ दिली.

परतताना पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली.
नदी दोन्ही काठांना गोठलेली,
मधून काळं पाणी चाललं होतं.
अंधारात फोटो धड आला नाही,
तरी पाठवला,
खाली लिहिलं:
मासे मधे आहेत.