तिसरा हात

डोंग्यात सपाट जागा नसते.
असते ती ओली, आणि तिथे जाळं पडलेलं,
पितळी डबा, पारबताबाईंच्या चपला.
म्हणून ड्रोन हातावरून सोडायचं, हातावरच घ्यायचं.
माझे दोन्ही हात रिमोटवर,
म्हणजे तिसरा हात पारबताबाई नान्हेंचा.

मामा तलावाच्या पाळीवर आधी तालीम केली, पंखे काढून.
हात डोक्याच्या वर, पूर्ण लांब.
तळवा सपाट, बोटं पात्यांच्या रेषेखाली.
पदर खोचलेला, केस रुमालात,
डोळ्यांवर नितेशच्या वेल्डिंगच्या दुकानातला पांढरा चष्मा.
वारा पाठीवर घ्यायचा,
म्हणजे ढकललंच तर ते पल्याड जातं, अंगावर येत नाही.
आणि कॅमेऱ्याचं तोंड आपल्यापासून दूर.

"काहून? मी का एवढी वंगाळ?"

तसं नाही बाई.
त्यानं आपल्याकडे पाहिलं
की माझं डावं त्याचं उजवं होतं,
आणि घाईत मी चुकतो.

मग बोट दाखवलं.
लाखांदूरची वरात, डीजेची गाडी पुढे,
उतरत्या ड्रोनला मी बाजूने झडप घातली होती.
चार टाके. नवरदेवाच्या शेल्यावर माझं रक्त.
बाईंनी बोट उलटंसुलटं करून पाहिलं,
बाजारात गलफडं उचलून पाहावं तसं.
"शिंगूर बी असाच. बाजूनं धरशीन त काटा मारते.
पोटाखालून हात न्या लागते,
अन् त्याच्या मांगं जा लागत नाही."

मी जे वीस मिनिटं सांगत होतो ते हेच होतं.

पौषातलं धुकं उठल्यावर निघालो.
तिच्या तळव्यावर चारही पाती फिरू लागली,
पाण्यावर गोल शहारा उमटला.
तिनं ते फेकलं नाही.
नुसता हात तिथे ठेवला,
आणि ते आपसूक तिथून निघून गेलं.

वरून मोजायचं होतं:
देवधान किती, बेशरम किती,
सोसायटीच्या बायांनी उन्हाळ्यात गुडघाभर चिखलात उभं राहून
जे उपटलं
ते मोकळं राहिलं की पुन्हा भरलं.
भरलं होतं, थोडं. पूर्वेच्या कोपऱ्यात.
मी स्क्रीनवर सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.
बांबू पाण्यात टेकवून बसल्या.

बॅटरी पंचवीसवर आली तसं ते घराकडे वळलं.
यंत्राचं घर म्हणजे जिथून उडालं ती जागा.
आणि डोंगा तोवर वाऱ्यानं
कमळांच्या कडेनं पन्नास हात सरकला होता.
ते शांतपणे, अगदी बरोबर,
रिकाम्या पाण्यावर उतरायला लागलं.

माझा घसा कोरडा.
बटण दाबलं, परत येणं रद्द. काड्या हातात घेतल्या,
वर उचललं, इकडे आणलं, तोंड पल्याड फिरवलं.
"बाई, हात."

हात वर गेला. ते खाली आलं, वीतभर उरलं,
आणि तळवा दिसताच पुन्हा वर सरकलं.
खालचा सेन्सर बंद करायचा मी विसरलो होतो.
माझं सगळं अंग त्याच्याकडे झेपावलं,
लाखांदूरचं बोटसुद्धा.
पारबताबाई हलल्या नाहीत.
डोंगा झुलला तरी हात झुलला नाही.

सेन्सर बंद केला. पुन्हा खाली.
पोट तळव्याला टेकलं, बोटं मिटली,
मी डावी काडी खाली दाबून धरली.
एक, दोन, तीन.
पाती थांबली तेव्हाच त्यांनी हात खाली घेतला,
आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं,
ओलं, कोमट.

तीनशे बारा फोटो. एकातही त्यांचा चेहरा नाही.
फक्त एकात, खूप वरून,
चिरलेल्या शेंगेएवढा डोंगा,
त्यात दोन ठिपके, एकाला बारीक रेघ.

"ही रेघ का होय?"
"तुमचा हात."
"तवा त मी वर केलाच नोता," त्या म्हणाल्या,
आणि स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिल्या.
"बांबू असन तो."

आणि बांबू उचलून डोंगा काठाकडे ढकलला.