उपाशीपोटी

फॉर्मवर एक चौकट असते:
नमुना उपाशीपोटी घेतला का?
मी दर तीन महिन्यांनी तिथे बरोबरची खूण करते.
अकरा वर्षांत ज्यांच्या पोटात चतकोर पावही गेला नाही
त्या मिस्टर क्लेगना आणखी उपाशी कसं ठेवायचं,
हे फॉर्म सांगत नाही.
ते पहाटे चारचा गजर लावून उठतात,
दुधी पिशवी थांबवतात, छातीतली नळी धुतात
आणि रॉचडेलहून पहिली बस धरून सॅल्फर्डला येतात.

माझ्या हाती येतो पिवळसर पाण्याचा एक थेंब.
यंत्राला दोन तास लागतात.
मग कागदावर सुळके उगवतात.
ग्लायसीन उंच, नेहमीसारखं.
टायरोसीन बुटकं, ते पाण्यात नीट विरघळतच नाही,
पिशवीत घालणार तरी किती.
आणि सिट्रुलिन अकरा.
ते पिशवीत नसतंच. ते आतडं घडवतं,
जेवढं उरलंय तेवढं.

त्याचं नाव कलिंगडावरून पडलंय, एकदा मी म्हटलं.
खाल्लं होतं, म्हणाले, मायोर्काला, बायको नवी होती,
बिया कोण लांब थुंकतं यावर पैज लावलेली.
कोण जिंकलं ते सांगितलं नाही.

मी या देशात आले पोटापाण्यासाठी.
हा शब्द त्यांच्यासमोर मनातसुद्धा
जरा हळू उच्चारते.

ऑगस्टमध्ये त्यांनी घेवडा आणला,
अलॉटमेंटवर स्वतः लावलेला,
पिशव्या ज्या थर्माकोलच्या खोक्यातून घरी येतात
त्याच खोक्यात, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
कोणासाठी पिकवता, असं विचारायचं राहून गेलं.

गुरुवारी फोन केला. रिपोर्ट समोर होता.
ग्लायसीन सांगितलं, टायरोसीन सांगितलं.
ते असू द्या, म्हणाले, घेवडा कसा झाला?

मोहरी तडतडू दिली, मी म्हटलं, मग लसूण,
गूळ नखाएवढा, शेवटी खोबरं,
गोठवलेलं, इथे तेच मिळतं.
सावकाश, म्हणाले. लसूण लाल केला की नुसता पिवळा?
पिवळा.
आणि शेंगा?
कोवळ्या होत्या. म्हणजे, दोन-तीन निबर निघाल्या,
शिरा काढूनही दाताखाली आल्या.

सोमवारीच तोडायला हव्या होत्या, ते म्हणाले, खरोखर चिडून,
सोमवारी पाऊस होता म्हणून राहिलो घरात.

सिट्रुलिन सांगायचं राहिलं.
त्यांनीही विचारलं नाही.