शिल्लक

फोन उचलला की आधी खाते क्रमांक विचारायचा, नाव नंतर.
वेंडेल आहोला तो पाठ आहे,
मार्लिसलाही तोच, फक्त शेवटी 'ब'.
कोर्टाने घर विकायला लावलं, होडी त्याला दिली,
कुत्रा तिला.
पॉइंट कुणालाच नको होते,
म्हणून निम्मे निम्मे.

घेतले तेव्हा म्हणे आइसबॉक्स फुकट मिळाला होता,
नव्वद मिनिटांचं भाषण ऐकल्याबद्दल.
भाषण अडीच तास चाललं.
सेल्समनने खिडकीकडे बोट केलं: हे तळं तुमचं.
वेंडेल इथलाच, मिशिगनच्या या वरच्या टोकाचा,
थंडीत रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक चालवतो;
तळं कुणाचं असतं ते त्याला ठाऊक होतं.
पण मार्लिस हसली होती,
आणि पेन छान चालत होतं.

तळ्याकाठची केबिन, जुलैत, आठवड्याला: आठ हजार दोनशे.
एकेकाच्या खात्यात वर्षाला साडेचार हजार.
तंबूची जागा, रात्रीला: ऐंशी.
तो ऑगस्टात चौदा नंबरची जागा घेतो, दहा रात्री,
जिथून शौचालय जवळ आणि केबिन दिसते.
ती काहीच घेत नाही. पुढच्या वर्षात ढकलते.
ढकलता एकदाच येतं.
जानेवारीत देखभालीचं बिल दोघांनाही जातं,
दोघंही भरतात, आणि शिव्या मला देतात.

या सप्टेंबरात तिचा फोन.
"गेल्या वर्षीचे माझे महिनाअखेर जळणार ना?"
हो म्हटलं. जळणार हा आमचाच शब्द,
धूर मात्र कुणी पाहिलेला नाही.
"दुसऱ्या कुणाला देता येतात?"
फक्त सहमालकाला.
पलीकडे बराच वेळ नुसता डिशवॉशर ऐकू येत होता.
"मग त्याला द्या. कुणी दिले ते सांगू नका."
बाई, पावतीवर नाव छापून येतं.

पॉइंट म्हणजे गुणच की.
माझ्या आईने लग्नाआधी माझे मोजून घेतले होते,
छत्तीसातले अठ्ठावीस.
त्याबद्दल पुन्हा कधीतरी.
यांची बेरीज जमली ती काडीमोडानंतर अकरा वर्षांनी:
त्याचे उरलेले सदतीसशे, तिचे साडेचार हजार.

दुसऱ्या दिवशी वेंडेल. "तुमची काही चूक झालीय का?"
नाही.
"केबिन मिळेल?"
ऑक्टोबरात मिळते. पानं झडली की दोनशे चाळीस स्वस्त.
"दोघांची नावं टाका."
मग लगेच, "तिला विचारून टाका."
विचारलं. म्हणाली, तिथल्या उशा पातळ असतात,
मी माझी आणीन.
याला होकार म्हणतात का?
फॉर्मवर तसा चौकोन नव्हता.

पहिल्या रात्री दहाला फेरी मारायला गेले,
तर केबिनमध्ये दिवा,
आणि पायऱ्यांपासून सहा पावलांवर त्याचा हिरवा तंबू.
नियम सतरा: केबिनच्या आवारात तंबू ठोकल्यास
दोनशे पॉइंट दंड.
"घोरतो तो," आतून ती.
"ही खिडकी सताड उघडी ठेवते," तंबूतून तो.
"मग बाहेर झोपून काय वेगळं?" असं मी विचारलं नाही.
दंड लावला. नोकरी आहे.

सकाळी दोघं काउंटरवर.
चाळीसात काय येतं?
यादी पाहिली: सरपणाची मोळी, एक,
ओली निघाल्यास रिसॉर्ट जबाबदार नाही.
ओलीच निघाली. बर्चची. साल तेवढी भुरकन पेटली.

दुपारभर तळ्यावर धूर होता,
खोकणं ऑफिसपर्यंत येत होतं.
वारा फिरला की दोघं आपापली खुर्ची उचलत,
आणि न बोलता
एकाच बाजूला सरकत.

स्क्रीनवर शिल्लक शून्य.
बिल जानेवारीत जाईल, दोन्ही पत्त्यांवर.