मऊ तोंड

नोव्हेंबर. नोवा स्कोशियाच्या खाडीत पाणी शिशाच्या रंगाचं.
आन्सेल्म सुरेतची कुत्री पाणगवतात दबा धरून,
रुसेत तिचं नाव.
कान बंदुकीकडे, डोळे बदकांच्या वाटेवर.

तिला कुणी शिकवलं नव्हतं.
पिल्लू होती तेव्हाच एकदा खुराड्यातून
अंडं आणून ठेवलं त्याच्या बुटापाशी,
अख्खं, ओलं, कोमट.

आज बार झाला. काहीतरी पडलं.
ती पोहत गेली
आणि परत आली तोंडात लाकडाचं बदक घेऊन,
गेल्या हिवाळ्यात त्यानंच कोरलेलं,
दोरी मागे फरफटत.

फिलियास खो खो हसला,
‘नजर गेली रे म्हातारीची!’

आन्सेल्म काही बोलला नाही.
बदक उलटंपालटं केलं,
मानेच्या हिरव्या रंगावरून अंगठा फिरवला,
मग पंखांवरून, मग पुन्हा मानेवरून.
दाताची एक खूण नाही.
धरलं होतं तिनं
जीव असलेलं धरावं तसं.

खरं बदक ओहोटीनं नेलं केव्हाच.
रुसेत अंग झाडून पुन्हा पाण्याकडे बघत उभी,
शाबासकीची वाट न बघता.

घरी गेल्यावर त्यानं ते चुलीजवळ सुकत ठेवलं.
पुन्हा कधी पाण्यात सोडलं नाही.