एकोणसाठ की एकोणसत्तर

आमच्या कारखान्यात मध्ये एक काच आहे.
काचेच्या अलीकडे, जिथे माझं टेबल आहे,
तिथे "कळवतो", "बघून सांगतो",
"आजच्या आज होऊन जाईल".
पलीकडे चोवीस माग,
आणि तिथे कुणी काहीच बोलत नाही.

बोलून उपयोग नसतो. धोट्याच्या खडखडाटात
शब्द तोंडातून निघतो आणि चपलेजवळ पडतो.
म्हणून हात.
मूठ गोल फिरवली की बीम संपत आलाय.
तळहात पालथा, म्हणजे साहेब येतायत.
करंगळीचा अर्थ शाळेतलाच.
आणि दोन बोटं कानामागे:
समजलं नाही, परत सांग.

ही शेवटची खूण लक्ष्मीपती वडनाल
दिवसातून वीसदा करतात.
एकतीस वर्षं जॉबर. डावा कान मागांनी नेला.
दोन बोटं, भुवया वर,
समोरचा पुन्हा सांगतो, संपला विषय.

मी अकरा वर्षांत एकदाही
"समजलं नाही" म्हटलं नव्हतं.

कोल्हापूरच्या हॉटेलवाल्यांचा फोन आला तेव्हा
एप्रिल होता, अक्कलकोट रोडवर डांबर मऊ झालेलं,
पंखा तीच गरम हवा परत परत वाढत होता.
काठाला धागे किती, ते सांगत होते.
एकोण... आणि पुढचं
त्यांच्याकडच्या ट्रकच्या हॉर्ननं खाल्लं.
साठ? सत्तर?
विचारायला एक श्वास लागला असता.
पण साहेब समोरच बसले होते
आणि मला हुशार दिसायचं होतं.
"हो हो, घेतलं लिहून," मी म्हटलं,
आणि मग लिहिलं.

चारशे टॉवेल परत आले.
साहेब आधी शेडमध्ये गेले.
काचेतून मला त्यांचं तोंड हलताना दिसत होतं,
आणि वडनालांची दोन बोटं कानामागे.
साहेब पुन्हा ओरडले. पुन्हा दोन बोटं.
तिसऱ्यांदा साहेबांचाच दम संपला.

मी उठले. दार ढकललं.
"चिठ्ठी माझी आहे, मीच चुकले,"
हे मी चांगलं मोठ्यानं म्हटलं
आणि मलासुद्धा ऐकू आलं नाही.
मग चिठ्ठीवर बोट ठेवलं,
तेच बोट उचलून स्वतःच्या छातीवर.

पगारातून तीन हप्ते गेले. टॉवेल
मंगळवार बाजारात किलोवर विकले.
त्या दुपारी शेंगाचटणीचा डबा पुढे सरकवत
वडनाल म्हणाले, तुमची मराठी अशीच.
साठ झालेले नसतात, तरी आधी साठ धरता,
मग हळूच एक कमी करता.
आमच्या तेलुगूत पन्नास आणि नऊ.
आहे तिथून मोजायचं.

मी हसले, पण भाकरी घशात अडली.
माझं "आजच्या आज" तसंच असतं की,
उद्याचं उसनं घेऊन
आज सांगितलेलं.

आता विचारते. फोनवर सुद्धा
बोटं आपोआप कानामागे जातात,
पलीकडच्याला दिसत नाहीत तरी.
"परत सांगा" म्हटल्यावर आजवर
एकानंच फोन आपटला, तोही
नंतर पुन्हा आला, मोठ्या ऑर्डरसाठी.

त्यातला एक टॉवेल घरी मोरीच्या खुंटीला आहे.
दहा धागे जास्तीचे.
चौथ्या दिवशी नळाला पाणी येतं, पहाटे,
बादल्या भरून झाल्यावर त्यानंच तोंड पुसते.
नवरा म्हणतो, चांगला तर आहे.

काल पुन्हा कुणाला तरी म्हणून गेले, "आजच्या आज".
सात वाजता शेडची पाळी बदलली,
काचेत माझंच तोंड दिसायला लागलं.
फोन उचलला, म्हटलं,
आज नाही होणार. परवा. परवा नक्की.
नक्की म्हणू की नको,
याच्यावर मात्र अजून अडलेय.