रंग खरवडलेली जागा

आधी तो स्वेटर काढ, एर्चिम.
हो, माझ्याच हातचा आहे, तरी काढ.
लोकरीचं आणि उणे पंचेचाळीसचं गूळपीठ
मला चांगलं ठाऊक आहे.
याकुत्स्कच्या हवेत जानेवारीत ओल औषधालाही मिळत नाही.
काल मांजराला कुरवाळलं
तर ते ठिणगी खाऊन कपाटावर चढलं,
अजून खाली आलेलं नाही.

सुती बनियन चालेल. मोजे नकोत.
गालिचा मी सकाळीच गुंडाळून ठेवलाय.
पायांना गार लागेल. लागू दे.

आता तुझी ती पेटी,
बत्तीस नग, झाकणावर वाघ.
दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाक.
असलं लोखंड लोण्याचं असतं,
दुसऱ्या स्क्रूलाच तोंड फिरवतं
आणि जाताना स्क्रूचं डोकं खाऊन जातं.
लागतो तो हा एक. फुलीचा, दोन नंबरचा.
विमानतळाच्या रेडिओ वर्कशॉपमधून निवृत्त झाले
तेव्हा त्यांनी मला घड्याळ दिलं.
हा मी माझा घेतला.
टोकाला किंचित चुंबक आहे, घाबरू नकोस,
तेवढ्यानं काही जळत नाही.
बोर्डाखाली घरंगळलेला स्क्रू मात्र जाळतो.
एक चिमटा.
स्क्रूंसाठी एक बशी, ती निळ्या काठाची.
झालं.

मनगटाला हा पट्टा. कातडीला टेकू दे, बाहीला नाही.
दुसरं टोक रेडिएटरला लावलंस? शाब्बास.
पण नीट बघ, कशाला लावलंस.
रंगाला.
खाली हिरवा आहे, त्यावर पांढरा,
वरचा हा पिवळट तुझ्या बापानं दिलेला,
एका दुपारी, गाणी म्हणत, खिडक्या बंद ठेवून.
रंगातून काहीच जमिनीत उतरत नाही.
सुरी घे. खरवड.
अजून.
अजून. भिऊ नकोस, घर माझं आहे.
चमकलं?
तिथे लाव.

बोर्ड कडेनं धर,
ओला फोटो धरतात तसा.
प्रोसेसरचा त्रिकोण खालच्या त्रिकोणाशी जुळव
आणि सोड. दाबायचं नाही.
जागा बरोबर असली की तो आपसूक बसतो.

ठिणगी दिसली, चटका बसला,
की माणूस सावध होतो.
पण तीन-एक हजार व्होल्टच्या खाली
बोटाला पत्ताच लागत नाही,
आणि चिपला शंभरही पुरतात.
बरं, ती तिथल्या तिथे मरेल तर तसंही नाही.
दोन-तीन महिने छान चालते
आणि एका साध्या मंगळवारी
अर्ध्या वाक्यात बंद पडते.
मग बसा शोधत, कधी झालं, कुणाच्या हातून.

तुझा बाप मिर्नीच्या खाणीवर निघाला
त्या सकाळी मी दारात काहीतरी बोलले.
काय, तेही आठवत नाही. बोचेल असं नसावं.
तो हसला, टोपीचे कान हनुवटीखाली बांधले, गेला.
मार्चपर्यंत दर रविवारी फोन यायचा.

रॅम दे.
उलटी. खाच बघ ना.
दोन्ही टोकांना सारखं दाब. टक्‌.
एकच टक्‌ झालं. दुसरं कुठंय?
हां.

चार वाजले की काय? खिडकीला धुकं टेकलंय,
समोरची इमारत पार पुसून गेली.
लाव बटण. मी नाही, तूच.

पंखा.
दुसरा पंखा.
एक बीप.
एकच, ऐकलंस? एक म्हणजे सगळं ठीक.
तीन आले असते तर जेवण राहिलं असतं.

सोड आता पट्टा. घाल तुझा स्वेटर, हुडहुडतोयस.
अरे, असा धावत येऊ नकोस,
आधी त्या खरवडलेल्या जागेला हात लाव, मग मला,
आधी तिथे, एर्चिम, आधी

आई गं.

केवढा बसला!
हसतोस काय? तुलाही बसलाय.
असू दे.
कळला तरी.